फ्रीजमधलं दुःख

मी दुःख लिहायची नोकरी करत होते. हसू नका. पगार वेळेवर व्हायचा, शनिवार-रविवार सुट्टी असायची आणि खुर्ची पाठीला बरी होती. जगाचा विकास करणारी एक मोठी संस्था आहे, तिचं आमच्या शहरात ऑफिस आहे. त्या ऑफिसातून इथल्या भाषेत जे जे निवेदन बाहेर पडायचं, ते माझ्या हातचं असायचं. कुठे पूल पडला, कुठे आग लागली, कुणाला उचलून आत टाकलं, की आमची संस्था चिंता व्यक्त करायची. संस्था करायची म्हणजे मी करायची.

चिंतेच्या पायऱ्या ठरलेल्या होत्या. आधी 'परिस्थितीवर आमचे लक्ष आहे'. मग 'चिंता वाटते'. मग 'तीव्र चिंता'. त्याच्या वर 'अतिशय तीव्र चिंता', पण तिला हेड ऑफिसची परवानगी लागायची, आणि ती येईपर्यंत चिंता करण्यासारखं काही उरलेलं नसायचं. त्यानंतर एकदम 'दुःख'. चिंता आणि दुःख यांच्या मधे एखादी पायरी हवी, तिच्यावर उभं राहून ओरडता आलं पाहिजे की बाबांनो, पळा! मी एकदा मॅडमना तसं बोलूनही दाखवलं. मॅडम म्हणजे आमच्या विभागाच्या प्रमुख. सगळ्यांशी गोड बोलायच्या आणि कुणाचंच ऐकायच्या नाहीत.

"सावध करणं हे सरकारचं काम," त्या म्हणाल्या. "आपण पाठीशी उभं राहायचं असतं."

"पाठीशीच का? जरा पुढे उभं राहिलं तर काय होतं?"

"पुढे उभं राहिलं की अंगावर येतं," मॅडम म्हणाल्या आणि चष्मा पुसायला लागल्या.

आता फ्रीजचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. हेड ऑफिसचा नियम होता की काही आक्रीत घडलं तर तासाभरात आपलं दुःख बाहेर पडलं पाहिजे. उशीर झाला की दुसऱ्या संस्थांचं दुःख आधी पोचतं आणि आपलं म्हणजे वरातीमागून घोडं. म्हणून जे जे वाईट होण्याजोगं आहे, त्याचं दुःख आम्ही आधीच लिहून ठेवायचो. तारखेची जागा रिकामी, आकड्याची जागा रिकामी. कॉम्प्युटरमधल्या त्या कप्प्याला ऑफिसात सगळे फ्रीज म्हणायचे. वेळ आली की काढा, गरम करा, वाढा. आमचे मोठे साहेब, म्हणजे या देशातल्या ऑफिसचे मुख्य, त्यांच्या ड्रॉवरमध्ये एक काळा टायही घडी घालून ठेवलेला असायचा. कॅमेऱ्यासमोर दुःख वाचायचं असलं की तेवढ्यापुरता बाहेर निघायचा. एरवी साहेबांना फुलाफुलांचे टाय आवडायचे.

शहराच्या टोकाला वीज केंद्र आहे. कोळसा जाळला की राख उरते. ती पाण्यात कालवून नळानं एका भल्यामोठ्या तळ्यात सोडतात. तळ्याला चारी बाजूंनी मातीचा बंधारा. तळं भरत आलं की बंधारा उंच करायचा, पुन्हा भरत आलं की पुन्हा उंच. शेवटचा थर चढवायला पैसे आमच्याच संस्थेनं दिले होते. या बंधाऱ्याच्या पायथ्याशी एका अंगाला खालची वस्ती, दुसऱ्या अंगाला पलीकडची वस्ती. खालच्या वस्तीत माझी ताई राहायची. सख्खी, माझ्याहून मोठी. आई गेल्यावर मला वेणी घालून शाळेत पोचवणारी.

एका बैठकीत बाहेरून तपासणीला आलेल्या इंजिनिअरनं सांगितलं की खालच्या वस्तीच्या अंगाला बंधारा पाझरतोय. नुसता ओला नाही, पाझरतोय, आणि पाण्याबरोबर माती येतेय.

"मंत्रालयाला कळवलं?" साहेबांनी विचारलं.

"कळवलं. बघतो म्हणाले."

"मग आपल्या बाजूनं झालं," साहेब म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. मॅडमनी माझ्याकडे बघून हळूच म्हटलं, "फ्रीजमध्ये एक टाकून ठेवू या. राखेचं तळं, खालची वस्ती."

मी म्हटलं, "माझी बहीण राहते तिथं. सख्खी बहीण."

साहेबांनी घसा साफ केला. "ऐकून आम्हाला अतिशय..." ते अडखळले, आणि मला दिसलं की माणूस पायरी शोधतोय. "चिंता वाटते," ते म्हणाले.

मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मग हे तुम्हीच लिहा. तुम्हाला मनापासून जमेल."

आई म्हणायची, या पोरीच्या जिभेला हाड नाही. त्या दिवशी तीच जीभ टाळ्याला चिकटली. मी जागेवर जाऊन बसले आणि लिहिलं. 'राखेच्या तळ्याचा बंधारा फुटून खालच्या वस्तीतील ____ नागरिकांचा मृत्यू झाल्याचे वृत्त समजून आम्हाला अतीव दुःख झाले आहे. या कठीण प्रसंगी आम्ही पीडित कुटुंबीयांच्या पाठीशी ठामपणे उभे आहोत.' चांगलं उतरलं होतं, खोटं कशाला बोलू. मॅडमनी एक स्वल्पविराम काढला आणि फ्रीज बंद केला.

सुट्टीच्या दिवशी मी ताईकडे गेले. ती शाळेचे गणवेश शिवायची. पुढच्या खोलीत मशीन, त्याच्याभोवती पांढऱ्या सदऱ्यांचा ढीग. पांढरं कापड ती कधी बाहेर वाळत घालायची नाही, दोरी घरातच बांधलेली होती. खिडकीच्या चौकटीवर बोट फिरवलं की बोट राखाडी व्हायचं. दिवसातून कितीदा पुसायची ती.

"ताई, इथून निघ."

"अगं, आधी बस तरी. आल्याआल्या निघ काय!" तिनं काज संपवलं, दोरा दातानं तोडला. "कुठे निघू?"

"माझ्याकडे."

"तुझ्या दोन खोल्यांत? तुझा नवरा पहिल्या दिवशी या या म्हणेल, चौथ्या दिवशी बाथरूमच्या दाराशी घसा खाकरत उभा राहील. आणि शाळा उघडायच्या आधी एवढे सदरे द्यायचेत, ते कोण देणार, तू?"

"बंधारा पाझरतोय गं."

"तो माझ्या लग्नापासून पाझरतोय."

भावोजी आतून आले. वीज केंद्रात पंपावर कामाला होते, घर केंद्राचंच क्वार्टर. कमी बोलायचे. "वर एवढे साहेब लोक बसलेत," ते म्हणाले, "त्यांना दिसत नसेल का?"

"तुमचं ऑफिस काय म्हणतंय?" ताईनं विचारलं.

काय सांगणार, डोंबल? "ऑफिस काही म्हणत नाही."

"मग झालं तर! जगात कुठे खुट्ट वाजलं की तुमची चिंता पेपरात. आमच्याबद्दल अवाक्षर नाही, म्हणजे तसं काही नसेलच की." ती हसली. "तू लहानपणापासून अशीच. वीज चमकली की पलंगाखाली."

फ्रीजमध्ये काय ठेवलंय ते सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. तू अजून जिवंत आहेस आणि मी तुझं दुःख लिहून आले, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? मी एवढंच म्हटलं की इंजिनिअर बोललाय, मी माझ्या कानांनी ऐकलंय. ती म्हणाली, बरं, गणवेश संपले की बघू. निघताना माझ्या सदऱ्याचं सुटलेलं बटण तिनं मला उभ्याउभ्याच लावून दिलं.

त्यानंतर झाला तो घोळ. असा घोळ आमच्यासारख्या शहाण्यांनीच घालावा. हेड ऑफिसनं वेबसाइट नवी करायला घेतली. जुन्यातलं सगळं उचलून नव्यात टाकायचं होतं. तिकडे कुणीतरी फ्रीजसकट टाकलं, आणि नव्या वेबसाइटला फ्रीज म्हणजे काय ते कुणी सांगितलंच नव्हतं. तिनं सगळं वाढून टाकलं! एका दुपारी आमच्या संस्थेनं साऱ्या जगात एकदम दुःख व्यक्त केलं. कुठल्या कुठल्या देशांत न बुडालेल्या बोटी बुडाल्या, धडधाकट पूल कोसळले, एक राष्ट्राध्यक्ष तर चक्क वारले, आणि ते त्या वेळी कुठल्याशा कारखान्याची फीत कापत होते. ऑफिसात फोनवर फोन. साहेब कॉरिडॉरमधून धावत होते, गळ्यात फुलाफुलांचा टाय. एवढ्या मोठ्या माणसाला धावताना मी पहिल्यांदाच बघितलं. मला हसू आवरेना, आणि मग एकदम आठवलं की त्यात माझंही एक आहे.

घरी पोचले, तर दारात रिक्षा. ताई मांडीवर शिलाई मशीन घेऊन बसलेली, मशीनच्या कमानीखाली सदरे कोंबलेले. मागे भावोजी, हातात दोन पिशव्या.

"मेलेली माणसं आलीत," ताई म्हणाली. "चहा टाक."

मी तिला मिठीच मारली, मशीनसकट. सुई टोचली दंडाला. टोचू दे.

चहा पिताना ती सांगत होती आणि आम्ही पोट धरून हसत होतो. "आम्हाला मारलंत ते मारलंत, आकडा तरी घालायचा! सगळी गल्ली एकमेकांना मोजत बसली. वरच्या गल्लीतल्या दुकानदारानं तर बायकोला विचारलं, आपण आहोत का गं त्यात?"

"पण निघालात कसे सगळे? माझं तर तू ऐकलं नाहीस."

"अगं, बंधारा पाझरतोय म्हटल्यावर कोण हलणार? पण हे आलं ना, तेव्हा चुलीवरचं तसंच टाकून पळाले लोक. तुमची संस्था माणूस मेल्याशिवाय तोंड उघडत नाही, हे काय आम्हाला ठाऊक नाही? उघडलं, म्हणजे आपण मेलोच." तिनं बशी खाली ठेवली. "अख्खी वस्ती रिकामी झालीय. कुणी नातेवाइकांकडे, कुणी शाळेच्या वरच्या मजल्यावर."

माझ्या नवऱ्यानं स्वतः गादी घातली. मशीन स्वयंपाकघरात ओट्याखाली ठेवलं. इतकी वर्षं त्या ऑफिसात शब्दांचे बुडबुडे फुगवले, बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. आणि आता त्या शब्दांनी माझी बहीण माझ्या घरात आणून बसवली होती, चुकून का होईना. मला इतका आनंद झाला होता की मी भावोजींना तिसऱ्यांदा चहा विचारला.

सकाळी ऑफिसात खुलाशाची घाई चाललेली. बाकीच्या देशांत लोक हसून मोकळे झाले होते, आमच्याकडे मात्र मंत्र्यांचा फोन आला होता. वस्ती रिकामी झाली, पंपावर माणसं नाहीत, ही अफवा तुमच्या संस्थेनं पसरवली, वगैरे.

"खुलासा लिहा," मॅडम म्हणाल्या. "घटना घडलेली नाही, तांत्रिक चूक, दिलगीर आहोत."

"लिहिते," मी म्हटलं. "आणि खाली लिहिते की बंधारा मात्र खरोखर पाझरतोय, दुरुस्ती होईपर्यंत लोकांनी वस्तीत परतू नये."

"ते नको."

"का नको? खरं नाही का?"

"खरं-खोट्याचा प्रश्न नाही हो. आपण एकदा लोकांना घाबरवलंय. पुन्हा घाबरवलं तर मंत्रालय आपल्याला इथून गुंडाळायला लावेल. मग बाकीच्या कामांचं काय? शाळा, दवाखाने?"

मी साहेबांकडे गेले. जीभ आता टाळ्याला चिकटलेली नव्हती. म्हटलं, "साहेब, माणसं सुखरूप बाहेर आलीत. चुकून आलीत, पण आलीत. तुम्ही नुसते गप्प बसा. तेवढंच करा, गप्प बसा. तुम्हाला जमतं ते."

साहेब बिचारे वाईट नव्हते, तेच तर वाईट होतं. डोळ्यांत पाणी येतंय की काय असं झालं त्यांना. "मला तुमच्या भावना समजतात," ते म्हणाले. "पण मंत्र्यांना मी शब्द दिलाय."

"मग मी लिहिणार नाही. काय करायचं ते करा!"

दार आपटून जागेवर आले. मला वाटलं, जिंकले. इथल्या भाषेत लिहिणारी मी एकटीच, मी नाही म्हटल्यावर अडेल गाडी. कसली अडतेय! मॅडमनी शांतपणे फ्रीज उघडला. पूर्वी कधीतरी एका रस्त्याच्या भानगडीत सरकारची पाठराखण करायची होती, तेव्हा मीच लिहिलेलं एक पाठिंब्याचं निवेदन त्यात पडलेलं होतं. मॅडमनी 'रस्ता' काढून 'बंधारा' घातला. 'संबंधित यंत्रणांच्या सक्षमतेवर आमचा पूर्ण विश्वास असून त्यांच्या प्रयत्नांना आमचा ठाम पाठिंबा आहे. नागरिकांनी अफवांवर विश्वास न ठेवता आपले दैनंदिन व्यवहार सुरू ठेवावेत.' पळा म्हणायचा आम्हाला अधिकार नव्हता. परत जा म्हणायला मात्र कुणाला विचारावं लागलं नाही.

संध्याकाळी घरी गेले तर ताई पिशव्या भरत होती. केंद्रानं सांगितलं होतं की हजर न होणाऱ्याचं क्वार्टर जाईल. भावोजी दुपारीच कामावर गेले होते.

"जाऊ नकोस. हात जोडते तुला."

तिनं फोन माझ्यापुढे धरला. "हे तूच लिहिलंयस ना?"

"नाही. मी नाही म्हटलं, भांडले त्यांच्याशी..."

"मला शिकवू नकोस. 'ठाम पाठिंबा', 'पूर्ण विश्वास'. तुझी वाक्यं मी ओळखत नाही होय? शाळेतले तुझे निबंध मीच वाचायचे."

"वाक्यं माझी आहेत, ताई, पण लिहिलं मी नाही."

हे बोलताना मलाच ते किती वेड्यासारखं वाटलं. ताईला रागच आला. "कालचंही तुमचंच, आजचंही तुमचंच. काल म्हणालात मेलात, आज म्हणता चूक झाली, घरी जा. आम्ही काय तुमच्या तालावर नाचायचं? या पळापळीत माझे सदरे राहिले, ते कोण भरून देणार? तुझी संस्था?"

"क्वार्टर गेलं तर गेलं गं! जीव राहील."

"तुझ्या ओट्याखाली राहील, हो ना? आयुष्यभर?"

मीही बोलले, नको ते बोलले. हट्टी आहेस, मूर्ख आहेस, तुझ्या मशीनपायी मरशील. तिनं पिशवीला गाठ मारली. माझ्या नवऱ्यानं मशीन उचलून रिक्षात ठेवलं. रिक्षा सुटल्यावर तिनं मागे वळून हात केला. तिचा राग कधी जिन्याच्या खाली टिकायचा नाही.

त्यानंतर आम्ही रोज बोलत होतो. मी रोज विचारायचे, बंधारा कसा आहे? ती म्हणायची, मजेत आहे, तुझी चौकशी करत होता. खालच्या वस्तीत तो विनोदच होऊन बसला होता. कुणी उशिरा उठला की म्हणायचे, काय रे, संस्थेनं दुःख व्यक्त केलं वाटतं तुझ्याबद्दल.

मग ती सकाळ. मी ऑफिसचा जिना चढत होते. फोन वाजला. ताईचा मेसेज, खाली आमचं निवेदन. 'राखेच्या तळ्याचा बंधारा फुटून खालच्या वस्तीतील...' तेच शब्द, माझे. वर ताईनं लिहिलं होतं, 'काय गं, पुन्हा मारलंत आम्हाला? चहा टाक.'

माझं डोकं असं फिरलं! मेल्यांनी पुन्हा घातला घोळ. एवढी अब्रू गेली तरी अक्कल नाही. मी जिन्यातच उभी राहून उत्तर टाकलं, 'येडे आहेत हे लोक. तू शिव निवांत. मी बघते त्यांच्याकडे.'

वर जाऊन पर्स ठेवली, पाणी प्यायले. कॉरिडॉरमध्ये हिशेब विभागातला एकजण भेटला, तोही हसून म्हणाला, "लांडगा आला रे आला, काय?" मीही हसले. काय काय बोलायचं ते मनात जुळवत मॅडमच्या खोलीचं दार ढकललं आणि सुरुवातच केली, "लाज नाही वाटत का तुम्हाला? एकदा झालं ते पुरे नाही झालं?"

मॅडमनी ओठांवर बोट ठेवलं. खोलीत कॅमेरा लावलेला होता. साहेब भिंतीपाशी उभे होते, कागद हातात धरून. त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं, आणि मला त्यांच्या गळ्यातला काळा टाय दिसला.

मी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. जिना उतरताना लावला, रिक्षात लावला. नुसता वाजायचा. मशीन चालू असलं की ताईला फोन ऐकू यायचा नाही, हे मी स्वतःला सांगत होते, आणि वर शिव्या देत होते त्या मशीनला.

बंधारा आधी वरच्या गल्ल्यांच्या बाजूला फुटला होता. केंद्राच्या लोकांनी मंत्रालयाला कळवलं, मंत्रालयानं साहेबांना, आणि साहेबांनी फ्रीज उघडला. सगळे आपापल्या वरच्याला कळवत राहिले. खालच्या, ताईच्या बाजूच्या गल्ल्यांना कळवायचं कुणाला सुचलं नाही, आणि तिथं जे पोचलं ते फक्त आमचं निवेदन. राखेचा चिखल पाण्यासारखा धावत नाही, दमादमानं येतो. खालच्या गल्ल्यांपर्यंत यायला त्याला बराच वेळ लागला. चालत निघालं असतं तरी माणूस सुटलं असतं. पण लोक दारात उभे राहून एकमेकांना फोन दाखवत हसत होते. वरून दोघंतिघं ओरडत आले, तेव्हाही आधी हसलेच.

हे मला भावोजींनी सांगितलं. ते पंपावर होते म्हणून वाचले. त्यांच्या पायांवर ढोपरांपर्यंत राख सुकली होती, पायांनाच तडे गेल्यासारखे दिसत होते. वस्तीच्या जागी सपाट राखाडी सारवण होतं, त्यातून कुठे कुठे छपराचा पत्रा वर आलेला. आम्ही शाळेच्या भिंतीपाशी बसलो होतो.

"मला तिनं फोन केला नाही," भावोजी म्हणाले. "तुला काही बोलली का?"

मी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी तिचं वाचलं. खालचं माझं वाचलं. 'तू शिव निवांत.' फोन मला परत दिला आणि डोळे मिटून भिंतीला टेकले. एक शब्दही बोलले नाहीत मला. बोलायला हवे होते.

ताईला बाहेर काढल्यावर, सगळं उरकल्यावर, मी ऑफिसात गेले ते राजीनामा द्यायला. हेड ऑफिसकडून आमच्या विभागाचं कौतुक आलं होतं. पाव तासाच्या आत निवेदन, सगळ्या संस्थांच्या आधी. मॅडमनी ते फळ्यावर लावलं होतं, मी येताना दिसले तशी घाईनं काढायला लागल्या, पण टाचणी निघेना.

साहेबांनी मला आत बोलावलं. उभे राहिले, दोन्ही हातांनी एक जाड कागद पुढे केला. संस्थेतर्फे, म्हणाले, मनापासून. मी वाचला. 'आपल्या ____ यांच्या निधनाचे वृत्त समजून आम्हाला अतीव दुःख झाले आहे. या कठीण प्रसंगी आम्ही आपल्या पाठीशी ठामपणे उभे आहोत.' कर्मचाऱ्यांच्या नातेवाइकांसाठी मीच लिहून ठेवलं होतं हे. खाली साहेबांची सही होती, ताजी. मधली जागा भरायचं राहून गेलं होतं.

"पेन द्या," मी म्हटलं.

साहेबांना वाटलं राजीनाम्यासाठी. त्यांनी खिशातलं काढून दिलं. मी त्या रिकाम्या जागेत 'ताई' लिहिलं. खाडाखोड न करता, शाळेत तिनं शिकवलं होतं तशा अक्षरात. मग त्यावर रेघ मारली, शेजारी पुन्हा एक रिकामी जागा आखली आणि कागद त्यांच्या हातात परत दिला.

"हे घ्या, फ्रीजमध्ये ठेवा," मी म्हटलं. "पलीकडच्या वस्तीच्या अंगाला बंधारा अजून उभा आहे. तिथंही माणसं राहतात."

साहेबांचा चेहरा पडला. "हो," ते म्हणाले, "आमचं लक्ष आहे परिस्थितीवर."